मस्कत ते सलाला समुद्राच्या कडेनं: एक गाडी, दोन माणसं, एक तंबू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ओमानला, मस्कतला येऊन वर्ष झालंय, नवरा-बायको दोघंच, सात वर्षं जुनी फोर बाय फोर घेतलीय, डिसेंबरात नऊ दिवस सुट्टी आहे आणि पार दक्षिणेच्या सलालाला विमानानं किंवा आतल्या सरळ हायवेनं न जाता समुद्राच्या कडेकडेनं जायचंय, रात्री तंबूत झोपत. सोबत यायला कुणी नाही आणि जो भेटतो तो सांगतो एकट्या गाडीनं जाऊ नका. गाडी फक्त नवरा चालवतो, तुम्ही शाकाहारी, तो सगळं खातो. जावं का?

जा की. मला इथं येऊन सोळा वर्षं झाली, हा किनारा आम्ही सात वेळा केलाय, त्यातल्या पाच वेळा आम्ही दोघंच आणि एकच गाडी. मी काही ऑफरोडची चॅम्पियन वगैरे नाही, नवरा तर अजूनही पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावतो. पण एकट्या गाडीनं जाऊ नका असं जे सांगतात ना ते वाळूत घुसणाऱ्यांसाठी खरं आहे, आणि या ट्रिपमध्ये वाळूत घुसायची काहीही गरज नाहीये. आता मस्कतपासून सलालापर्यंत सगळा डांबरी रस्ता आहे, मध्ये शलीमच्या बाजूला थोडा आत वळतो तेवढाच. गाडी डांबर सोडून जेमतेम पाचशे मीटर किनाऱ्याकडे न्यायची असते आणि जे काय व्हायचं ते त्या पाचशे मीटरात होतं. म्हणून एकट्या गाडीचे नियम वेगळे, ते लिहिते, कारण दोन गाड्यावाले जे सहज करतात त्यातलं निम्मं तुम्ही करायचं नाही.

पहिली गोष्ट, आणि यावर मी अडून बसणार आहे. तुम्ही गाडी शिका. ओमानचं लायसन्स काढायला वेळ लागतो हे मला माहितेय, माझं तिसऱ्या टेस्टला झालं, पण समजा सलालाच्या अलीकडे शुवैमियाच्या जवळ नवऱ्याला ताप भरला किंवा पाय मुरगळला तर दोनशे किलोमीटर गाडी कोण नेणार? डिसेंबरपर्यंत लायसन्स होत नसेल तर फेब्रुवारीत जा, हवा फेब्रुवारीतही छान असते. आणि दोघांनीही घराखाली पार्किंगमध्ये एकदा पूर्ण चाक काढून बसवून बघा, गाडीतल्याच जॅकनं, गाडीतल्याच पान्यानं. आम्ही पहिल्या ट्रिपला भाड्याची गाडी घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही, स्टेपनीत हवाच नव्हती आणि पाना दुसऱ्याच गाडीचा निघाला, हे आम्हाला अश्खराच्या पुढे कळलं. तेव्हापासून निघायच्या आधी रविवारी संध्याकाळी हा कार्यक्रम असतो, शेजारचे गॅलरीतून बघतात, बघू देत.

आता टायर. डांबरावर तुमचं प्रेशर ३५ पीएसआयच्या आसपास असेल. मऊ वाळूवर जायच्या आधी ते १८ वर आणायचं, आधी म्हणजे आधी, रुतल्यावर नाही. हवा कमी केली की टायर पसरतो, लांबट होतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत खणत बसण्याऐवजी वरून चालते, उंटाच्या पायासारखं. पंधराच्या खाली दोन माणसांनी जाऊ नये, कारण जोरात वळवलं तर टायर रिमवरून निसटतो आणि तो परत बसवायला तुम्हाला कुणी नाही. बॅटरीला जोडायचा चांगला कॉम्प्रेसर घ्या, सिगरेट लायटरवाला नको, तो एका टायरला वीस मिनिटं घेतो आणि चौथ्या टायरला मरतो. डांबरावर परत आल्यावर हवा भरल्याशिवाय ऐंशी-शंभरनं पळवू नका, कमी हवेचा टायर तापतो आणि फाटतो. सकाळी वाळू दवानं ओलसर घट्ट असते, दुपारी तीच पिठासारखी सैल होते, म्हणजे संध्याकाळी आत जाताना जी वाट अवघड वाटली ती सकाळी बाहेर येताना सोपी असते, हा एक त्यातल्या त्यात दिलासा.

रुतलात तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका. प्रत्येक सेकंदाला गाडी खाली जाते. चाक जागच्या जागी फिरलं की लगेच थांबायचं, उतरायचं, चाकांच्या मागची वाळू फावड्यानं काढायची, प्रेशर अजून दोन-तीननं कमी करायचं आणि आपण आलो त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये बाहेर. चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या मिळतात त्या घेऊनच जा, आमच्या पाच एकट्या ट्रिपमध्ये त्यांनी तीनदा वाचवलंय. आणि कुणी ओढायला मदत केली तर दोरी ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवू देऊ नका, तो गोळा तुटून काचेतून आत येतो. गाडीचा मूळ हुक कुठाय तो आधीच शोधून ठेवा.

पण खरं सांगू का, या किनाऱ्यावर वाळूची भीती मला कमी वाटते. मला भीती सबखाची वाटते. सबखा म्हणजे खारट पाणथळ सपाटी, जमिनीखाली फूट-दोन फुटांवर खारं पाणी असतं, ते वर झिरपत राहतं, उन्हानं वाफ होते आणि वर मिठाची पापडी धरते. वरून बघाल तर क्रिकेटचं मैदान. पांढरं, कडक, चालून बघितलं तर बुटाखाली कुरकुर वाजतं. आणि पापडीच्या खाली जे असतं ना त्याची कन्सिस्टन्सी श्रीखंडाची. आमची गाडी महूतच्या दक्षिणेला अशा जागी गेली, डांबरापासून मोजून तीनशे मीटर, आम्हाला फक्त फ्लेमिंगो जवळून बघायचे होते. पुढचं डावं चाक पापडी फोडून आत गेलं, नवऱ्यानं सवयीनं गॅस दिला, आणि दोन सेकंदांत गाडी पोटावर बसली. जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जायला लागला, शेवटी पोळपाट घातला जॅकखाली, तोही गेला. माझ्या आईनं दिलेला सागवानी पोळपाट. चार तासांनी एक म्हातारे बदू (बेदुईन) गृहस्थ पिकअप घेऊन आले, ते पिकअप सबखात न आणता डांबराच्या कडेलाच उभे राहिले, स्वतःकडच्या तीन दोऱ्या एकाला एक बांधल्या, आमची एक जोडली आणि ओढलं. पैसे घेतले नाहीत, वर खजूर दिले. जाताना हातानं जमिनीकडे दाखवून एवढंच म्हणाले की गाडीच्या खुणा नाहीत तिथे गाडी नाही. तुम्ही हाच नियम पाळा. जिथे आधी गाड्या गेल्याच्या ताज्या खुणा दिसत नाहीत आणि जमीन एकदम सपाट, ठिकठिकाणी काळपट ओलसर दिसतेय, तिथे एकट्या गाडीनं एक मीटरही जायचं नाही. बर्र अल हिकमानचा सगळा पट्टा असाच आहे, पक्षी अफाट आहेत, थंडीत उत्तरेकडून लाखोंनी येतात, पण दुर्बीण घ्या आणि रस्त्याच्या कडेनं बघा.

आमच्यात तेव्हापासून एक पद्धत आहे, तुम्हालाही सुचवते. डांबर सोडायच्या आधी एकानं उतरून चालत जायचं आणि बघून यायचं. आणि दोघांपैकी एकजण नको म्हणाला की विषय संपला, कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, मुक्कामाला पोचल्यावरही नाही. हे बोलायला सोपं आहे. पहिल्या ट्रिपला आमचं रोज संध्याकाळी पाच वाजता भांडण व्हायचं, रोज, मग लक्षात आलं की पाच वाजता दोघांना भूक लागलेली असते, सूर्य खाली आलेला असतो आणि जागा मिळालेली नसते. डिसेंबरात इथे साडेपाचच्या आसपास मावळतं आणि अंधार फार भरकन पडतो. म्हणून चार वाजता गाडी थांबलीच पाहिजे, जागा बरी असो की वाईट. तीन वाजता काहीतरी खायचं. भांडणं निम्म्यावर आली.

जागा कशी निवडायची. पाण्यापासून लांब हे सगळ्यांना कळतं, पण किती लांब हे वाळलेल्या शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या रेषेवरून बघायचं, भरतीच्या दोन-तीन रेषा दिसतात, सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर जायचं. वादीत म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रात झोपायचं नाही, आभाळ निरभ्र असलं तरी, पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी इकडे येतं. आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, तंबू किनाऱ्यावरच्या चाकोरीपासून लांब लावा आणि चाकोरी आणि तंबू यांच्यामध्ये आपली गाडी आडवी उभी करा. रात्री कोळी आपल्या होड्यांकडे पिकअपनं जातात, पोरं मजा म्हणून वाळूत गाड्या पळवतात, त्यांना तुमचा खाकी तंबू दिसत नाही. आम्ही तंबूच्या दोऱ्यांना चमकणारी पट्टी बांधतो आणि एक छोटा सोलर दिवा रात्रभर ठेवतो, कासवांचा किनारा सोडून.

गाडी आडवी लावली की वाराही अडतो. वाऱ्याबद्दल गंभीरपणे घ्या, अश्खरापासून दुक्मच्या पुढेपर्यंत दुपारनंतर असा वारा सुटतो की ताट हातात धरून जेवावं लागतं. वाळूत तंबूचे खिळे टिकत नाहीत, हिसका बसला की लोण्यातून सुरी निघावी तसे निघतात. किराणा आणायच्या जाड कापडी पिशव्या घ्या, त्यात वाळू भरा, दोरी बांधा आणि हातभर खोल आडव्या पुरा. ते हलत नाही. आणि दव! वाळवंट म्हणून आपण कोरड्याची तयारी करतो आणि इथे पहाटे तंबूवरून पागोळ्या गळत असतात. चपला, टॉवेल, काडेपेटी, पीठ, काहीही बाहेर ठेवायचं नाही. तंबूची वरची खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर आतूनही घाम येतो. उन्हं वर आली की अर्ध्या-पाऊण तासात सगळं वाळतं, म्हणून सकाळी घाई करू नका, चहा दोनदा करा, तंबू ओला गुंडाळलात तर संध्याकाळी त्याला वास मारतो.

हे दव, हा वारा, एवढे मासे, सगळं त्या समुद्राचं देणं आहे, आणि मजा बघा की तो आपलाच समुद्र आहे. नकाशावर आडवी पट्टी धरून बघा, वाटेतलं रास मद्रकाचं टोक १९ अंशावर म्हणजे थेट मुंबईच्या समोर, आणि सलाला १७ वर म्हणजे रत्नागिरीच्या समोर. पावसाळ्याचा जो वारा आपल्या कोकणात आपटतो आणि सह्याद्रीवर चढून कोसळतो तोच इथे किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचं थंडगार पाणी वर येतं, त्यामुळे इकडे पाऊस नाही पण माशांना खाणं भरपूर. फक्त सलालाच्या मागचे डोंगर जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत धुकं आणि रिमझिम पकडून ठेवतात, त्याला खरीफ म्हणतात. डिसेंबरात सलालाला नारळ-केळी असतील पण डोंगर पिवळे पडलेले असतील, व्हॉट्सअ‍ॅपवरचे हिरवेगार फोटो बघून जाऊ नका, हिरमोड होईल. उलट जून ते ऑगस्ट हा किनारा तंबूसाठी अजिबात नको, समुद्र खवळलेला आणि वारा वेड्यासारखा.

रूट सांगते, पण सगळ्या ठिकाणी सारखा वेळ घालवू नका. मस्कत ते सूर जेमतेम दोनशे किलोमीटर, बिम्माचा खड्डा, वादी शाब, तिवी, फिन्सचे किनारे, हे सगळं तुम्ही कुठल्याही शुक्रवारी करू शकता आणि वर्षभरात केलंही असेल, तेव्हा सरळ पुढे निघा. सूरमध्ये मात्र तासभर थांबा, लाकडी जहाजांचा कारखाना अजून आहे, ही जहाजं हिंदुस्थानातून आणलेल्या सागवानाची बांधायचे आणि खजूर भरून मुंबईला यायची. मी तिथे उभी राहिले की मला पोळपाट आठवतो.

पहिली रात्र रास अल हद्दच्या बाजूला. हिरव्या कासवांचा किनारा रास अल जिन्झला आहे, तो राखीव आहे, तिथे तंबू चालत नाही, गाइडबरोबरच जावं लागतं, आधी बुकिंग करा. उन्हाळ्यात कासवं जास्त येतात, डिसेंबरात एखाद-दोन दिसली तरी नशीब. पहाटेची फेरी घ्या, रात्रीपेक्षा गर्दी कमी, आणि उजाडताना ती बाई एवढा मोठा देह ओढत पाण्याकडे परत जाते ते फटफटीत दिसतं. मोबाइलचा लाइट लावला तर गाइड ओरडतो आणि त्यानं ओरडलंच पाहिजे.

दुसरा दिवस अश्खरावरून दक्षिणेला, हा माझा आवडता तुकडा. उजवीकडे शर्कियाच्या वाळूच्या टेकड्या, डावीकडे समुद्र, मध्ये तुमचा एकटा रस्ता. वाऱ्यानं वाळूच्या जिभा डांबरावर आलेल्या असतात, लांबून सावलीसारख्या दिसतात, शंभरच्या स्पीडनं त्यावर गेलात तर स्पीडब्रेकरवर आपटल्यासारखं होतं आणि स्टिअरिंग हातातून जातं. ऐंशीच्या वर जाऊ नका. उंटांचं तर बोलायलाच नको, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही याचं खरं कारण उंट आहे, पाय लांब आणि धड उंच, गाडी पायांना धडकते आणि धड काचेवर येतं.

मसीरा बेटावर जायचं का असं तुम्ही विचारलंय. शन्नाहून फेरीबोट आहे, गाडीसकट जाते, दीडेक तास. बेट सुंदर आहे पण निदान दोन रात्री पाहिजेत आणि वारा असेल तर फेरीचं वेळापत्रक हलतं. नऊ दिवसांत नको. ते वेगळं करा.

खलूफचे पांढरे शुभ्र वाळूचे डोंगर, ज्यांना सगळे शुगर ड्यून्स म्हणतात, तिथे तुमच्या गाडीनं जाऊ नका. गावाच्या दक्षिणेला किनाऱ्यावरूनच वाट आहे, ओहोटीत जायचं आणि भरतीच्या आत परत यायचं, मध्ये रुतलात तर समुद्र तुमची वाट बघत नाही. आम्ही गेलो ते दोन गाड्या असताना. गावात विचारा, कुणीतरी पिकअपमधून नेऊन आणतं, पैसे आधी ठरवा. गावातच दुपारी होड्या लागतात, नवऱ्याला सुरमई खायची असेल तर इथे घ्या, अरबीत कनअद म्हणतात, होडीवरून अख्खी घ्यावी लागते, म्हणून बर्फाचा डबा मोठा आणा. मीठ-हळद-तिखट-लिंबू घरून कालवून बाटलीत आणलं की झालं, बाकी कोकम आम्ही नेतो पण तो आमचा रोग आहे.

दुक्मला एक रात्र हॉटेलात काढा. काही जणांना ही फसवणूक वाटते, मला नाही. चौथ्या दिवशी अंगावर मीठ, केसांत वाळू, आणि दोघंही एकमेकांशी जपून बोलत असता, गरम पाण्याची आंघोळ आणि कपडे धुणं यानं पुढचे चार दिवस सुधारतात. पाणी, पेट्रोल, भाजी सगळं इथेच भरा. बंदर आणि रिफायनरीकडे कॅमेरा वळवू नका, ड्रोन तर परवानगीशिवाय ओमानमध्ये कुठेच नाही.

मग रास मद्रका, आणि इथे जमलं तर सलग दोन रात्री. काळे खडक आणि त्यांच्या मध्ये पांढरी वाळू, छोटे छोटे खाचे आहेत, वारा कुठून येतोय ते बघून खाच निवडायची. डांबरापासून घट्ट जमिनीवरून जाता येतं, माझ्या मते एकट्या गाडीसाठी अख्ख्या किनाऱ्यावरची सगळ्यात चांगली जागा. पहाटे उठून वाळू बघा, खेकड्यांनी रात्रभर खणून बिळाच्या बाजूला वाळूचे टोकदार ढीग रचलेले असतात, हातभर उंच नाही, वीतभर, पण शेकडो, आणि प्रत्येकाला बिळापासून ढिगापर्यंत आखलेली वाट. आपण जवळ गेलो की सगळे एकदम आत. आणि कोल्हे. इथला कोल्हा मांजराएवढा, कान मोठे, आणि त्याला चपला आवडतात. नवऱ्याची डावी चप्पल गेली, दुसऱ्या रात्री मुद्दाम उजवी बाहेर ठेवली की निदान जोडी तरी पूर्ण होऊ दे त्याची, ती नाही नेली. खाणं आणि कचरा रात्री गाडीत. बूट गाडीत. फेब्रुवारीत गेलात तर समुद्र दिवसा हिरवट दिसतो आणि रात्री लाट फुटली की निळा उजेड पडतो, सूक्ष्म जीव असतात ते, डिसेंबरात दिसेलच असं नाही.

पुढे शुवैमिया, लांबच लांब किनारा आणि मागे पांढरट कडे, एक रात्र. शुवैमिया ते हासिक हा घाट दिवसा आणि सावकाश, कडे सरळ समुद्रात उतरतात, नवऱ्याला बघायला मिळावं म्हणून अर्धा तुम्ही चालवा. हासिकच्या अलीकडे रस्त्याला लागूनच नातिफचा झरा आहे, कड्यावरून पाणी ठिबकून ठिबकून दगडाच्या झालरी लोंबतायत, पाच मिनिटांचं काम पण थांबा. हासिक ते मिरबात वाटेत लोबानाची झाडं, खुरटी, कागदासारखी साल सुटलेली. आणि एकदम भयंकर वास आला तर गाडीत काही मेलंय असं समजू नका, वाळूवर तारल्या वाळत घातलेल्या असतात, उंट आणि गुरांना खायला. होय, उंटांना. मिरबात आल्यावर ट्रिप संपलीच, पुढे सलालापर्यंत जेमतेम सत्तर किलोमीटर, खोर रोरीचं जुनं बंदर बघायचं तर संध्याकाळी, ऊन तिरकं असताना.

पाणी दोघांना मिळून पिण्याचं दिवसाला आठ-दहा लिटर धरा आणि धुण्या-स्वैपाकाचं वेगळं, गाडीत कायम चाळीस लिटर असलंच पाहिजे, दोन-तीन वेगवेगळ्या कॅनमध्ये, एकच मोठा कॅन फुटला तर सगळं गेलं. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, पुढच्या गावात पंप असेलच असं धरायचं नाही. शाकाहाराची काळजी सोडा. रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तीत एक मल्याळी नाहीतर बांगलादेशी कॉफी शॉप असतंच, पराठा, डाळ, ऑम्लेट चालत असेल तर ऑम्लेट, करक चहा, आणि पराठ्यात चीज आणि चिप्स ओमान चुरून देतात ते एकदा खाऊन बघाच, तब्येतीला वाईट आणि फार चांगलं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सगळं बंद. संध्याकाळी खिचडी, पिठलं, कुकर छोटा घ्या. गॅस वाऱ्यात जळत नाही, पत्र्याची आडोशाची घडी मिळते ती घ्या नाहीतर एका कुकरला अख्खं सिलिंडर जातं.

बायकांचा प्रश्न, जो तुम्ही आडून विचारलाय. दिवसा पंपाला लागून मशीद असते, बहुतेक ठिकाणी बायकांचं वेगळं बाथरूम, स्वच्छता नशिबावर. मुक्कामाला कपडे बदलायचा उभा पॉपअप तंबू घ्या, तो वाऱ्यात उडतो म्हणून गाडीच्या दाराला बांधा, आत छोटं फावडं, वीतभर खोल खड्डा, कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा, कारण वारा आणि कोल्हे दोघंही ते उकरतात. पॅड्सचंही तेच, काळी जाड पिशवी. कपडे, गावाच्या जवळ खांदे आणि गुडघे झाकलेले, लांबच्या मोकळ्या किनाऱ्यावर पोहायला मी लेगिंग आणि टीशर्ट घालते, कधी काही झालं नाही.

कुणी येईल का, तर येतील. संध्याकाळी एखादी गाडी येऊन थांबेल, पहिल्यांदा पोटात गोळा येतो. ते सलाम करतात, नवऱ्याशीच बोलतात, सगळं ठीक ना विचारतात, कधी खजूर, कधी मासा देऊन जातात. कावा म्हणजे अरबी कॉफी दिली तर घ्या, छोटा कप, पुरे झालं की कप हातात हलकासा हलवायचा, नाहीतर ते ओततच राहतात, आम्ही पहिल्यांदा नऊ कप प्यायलो. सोळा वर्षांत मला एकदाही वाईट अनुभव नाही. तरी रोज रात्री घरच्या किंवा इथल्या एकाला लोकेशन पाठवा, रेंज नसेल तर दुपारीच, उद्या बारापर्यंत मेसेज नाही आला तर काय करायचं हे त्याला आधी सांगून ठेवा. पोलिसांचा नंबर ९९९९. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

परतीचा विचार कुणी करत नाही. सलालाहून थुमरैत, हैमा, आदम असा आतला रस्ता हजार किलोमीटर, सपाट, कंटाळवाणा, आणि आठ दिवस तंबूत झोपलेला माणूस तो एका दिवसात चालवायला निघतो. नका. हैमाला रात्र काढा, साधी जागा आहे पण झोप मिळते. म्हणजे हिशेब असा: रास अल हद्द, अश्खराच्या पुढे, खलूफ, दुक्म, मद्रकाला दोन, शुवैमिया, आणि मिरबातला आठव्या दिवशी नव्हे, सातव्या दिवशीच पोचायचं, मद्रकाची एक रात्र कापावी लागली तरी. जीव तुटतो पण कापा.

आता जाण्याआधी एकच काम करा, आजच. खाली जाऊन टायरच्या बाजूवर बघा, एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे लिहून पाठवा, स्टेपनीसकट. गाडी सात वर्षं जुनी म्हणताय, मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही छान दिसू दे, इथल्या उन्हानं रबर संपलेलं असतं, आणि मग तंबू-बिंबू नंतर बघू, आधी टायर.